हसरी प्रार्थना, शहाणे नेतृत्व : ख्रिस्ती अध्यात्मातील विनोद आणि विवेक

धर्मोपदेशक म्हटला की गंभीर चेहरा, संथ स्वर आणि उपदेशाचा जड भार असे चित्र सर्वसामान्यांच्या मनात उभे राहते. विनोद हा प्रार्थनेच्या दाराबाहेर काढून ठेवायचा जोडा आहे, असाही समज सर्वच धर्मांच्या अनुयायांमध्ये आढळतो. ख्रिस्ती परंपरेचा दोन हजार वर्षांचा इतिहास पाहिला, तर मात्र तिच्यातील जाणत्या धर्मपुरुषांनी आणि धर्मस्त्रियांनी विनोदाला साधनेचा सोबती मानल्याचे दिसते. अहंकार ओळखण्याचे, भीती कमी करण्याचे आणि कटू सत्य पचनी पाडण्याचे साधन म्हणून त्यांनी त्याचा उपयोग केला. महाराष्ट्रात या परंपरेला मराठी संतवाङ्मयाचा शेजार लाभला आणि तिचे स्वतंत्र रूप घडले.

पालघर जिल्ह्याच्या संदर्भात या विषयाला विशेष महत्त्व आहे. वसईचा किनारा हा महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा जुना प्रदेश. उत्तरेला बोईसर-तारापूरचा पट्टा लागतो. तारापूरच्या किल्ल्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत १७३९ साली तो मराठ्यांकडे आला. त्याच परिसरात १९६९ मध्ये देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले आणि पुढे औद्योगिक वसाहत वाढली. या वसाहतीच्या शेजारचे कुंभवली हे गाव पालघर तालुक्यात मोडते. वारली, कुणबी, आगरी, भंडारी आणि मच्छीमार समाजांच्या या मुलखात देशाच्या अनेक राज्यांतून कामगार येऊन राहिले. अशा मिश्र वस्तीत कोणत्याही धर्माच्या पुढाऱ्याला कोणत्या सुरात बोलावे, हा रोजचाच प्रश्न असतो.

बायबलमधील हास्य

बायबलमध्ये हास्याचा उल्लेख आरंभीच्याच ग्रंथात येतो. वृद्ध अब्राहाम आणि सारा यांना पुत्रप्राप्तीचे वचन मिळते तेव्हा दोघांनाही हसू आवरत नाही. सारा तर पकडली गेल्यावर आपण हसलोच नाही असे सांगू पाहते. पुढे मुलगा होतो आणि त्याचे नाव इसहाक ठेवले जाते. या हिब्रू नावाचा अर्थच ‘तो हसतो’ असा आहे. अविश्वासाचे हसू आनंदाच्या हसण्यात बदलले, याची खूण एका संपूर्ण वंशाच्या नावात कोरली गेली.

बलामाची गोष्ट याच जातीची आहे. इस्राएलला शाप देण्यासाठी निघालेल्या या नामांकित द्रष्ट्याला वाटेत उभा असलेला देवदूत दिसत नाही. त्याच्या गाढवीला मात्र दिसतो. योनाची कथाही अशीच. देवाच्या आज्ञेपासून पळणारा, माशाच्या पोटातून परत आलेला हा संदेष्टा निनवे नगरीला नाशाची सूचना देतो. लोक पश्चात्ताप करतात आणि नगरी वाचते. आपला उपदेश यशस्वी झाल्यामुळेच योना रुसून बसतो. नेतृत्वाचा अहंकार किती विचित्र असू शकतो, हे सांगण्यासाठी याहून नेमकी कथा सापडणे कठीण.

येशूच्या बोलण्यातही अतिशयोक्तीचा विनोद वारंवार आढळतो. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ काढायला निघालेल्या माणसाच्या स्वतःच्या डोळ्यात मुसळ आहे; सुईच्या नेढ्यातून उंट जाऊ पाहतो; धर्मशास्त्री पेयातील चिलट गाळून टाकतात आणि उंट मात्र गिळतात. शेतावर आणि जाळ्यावर राबणाऱ्या श्रोत्यांना ही चित्रे ऐकताना हसू आले असणार. ते हसू ओसरल्यावर आपल्याच डोळ्यातील मुसळाची आठवण होते. ‘कुसळ आणि मुसळ’ हे शब्द मराठी माणसाच्या तोंडी इतके रुळले आहेत की ही प्रतिमा परकी वाटतच नाही.

प्रार्थनेविषयीचा बायबलमधला सर्वांत मिस्कील प्रसंग ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहे. हेरोद राजाने पेत्राला तुरुंगात टाकले आहे आणि त्याच्यासाठी मंडळी एका घरात एकाग्रतेने प्रार्थना करीत आहे. पेत्राची चमत्काराने सुटका होते. तो येऊन दार ठोठावतो. रुदा नावाची मुलगी त्याचा आवाज ओळखते, पण आनंदाच्या भरात दार न उघडताच आत धावत जाते. आत प्रार्थना करणारी माणसे तिला वेडी ठरवतात. ज्याच्या सुटकेसाठी प्रार्थना चालली आहे तो दाराशी उभा आहे आणि प्रार्थना करणाऱ्यांना ती खरी वाटत नाही. पहिल्या मंडळीने ही आपली फजिती लपवली नाही, ग्रंथात नोंदवून ठेवली. याच पुस्तकात पौलाचे प्रवचन मध्यरात्रीपर्यंत लांबल्यामुळे खिडकीत बसलेला युतुख हा तरुण झोपेने खाली कोसळल्याचीही हकीकत आहे. तरुण वाचतो, प्रवचन मात्र पुढे पहाटेपर्यंत चालते.

साधू आणि संतांचा विनोद

इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकांत इजिप्तच्या वाळवंटात साधना करणाऱ्या तपस्व्यांच्या अनेक आख्यायिका पुढील काळात संकलित झाल्या. संत अंतोनी आपल्या शिष्यांशी थट्टामस्करी करीत असल्याचे पाहून एका शिकाऱ्याला आश्चर्य वाटले, अशी त्यांतील एक कथा आहे. अंतोनींनी त्याला धनुष्य ताणायला सांगितले, मग आणखी ताणायला सांगितले. फार ताणले तर धनुष्य मोडेल, असे शिकारी म्हणाला. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, हे त्याला मग समजावण्याची गरज उरली नाही.

रोममधील संत फिलिप नेरी (१५१५–१५९५) हे या परंपरेतील ठळक नाव. लोक आपल्याला संत म्हणू लागले की ते मुद्दाम वेडगळ वागत. अर्धीच दाढी काढून फिरणे, विचित्र पोशाख घालणे असे त्यांचे प्रकार प्रसिद्ध आहेत. विद्वत्तेचा ताठा येऊ पाहणाऱ्या शिष्यांनाही ते हास्यास्पद वाटतील अशी कामे सांगत. त्यांचा शिष्य सेझार बारोनियस पुढे चर्चचा मोठा इतिहासकार आणि कार्डिनल झाला. नेरी यांना १६२२ साली ज्या दिवशी संतपद मिळाले, त्याच दिवशी गोव्यात ज्यांचे शव आहे ते संत फ्रान्सिस झेवियर आणि स्पेनच्या संत तेरेसा यांनाही ते मिळाले. सागरापार धावणारा धर्मप्रचारक, चिंतनात बुडालेली योगिनी आणि रोमच्या गल्लीतला विनोदी पुरोहित असे तिघे त्या दिवशी एका पंक्तीत बसले.

इंग्लंडचे सर थॉमस मोर यांचा विनोद तर वधस्तंभापर्यंत टिकला. राजा आठवा हेन्री याला चर्चचा प्रमुख मानण्यास नकार दिल्याबद्दल ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. वधमंचाचा जिना डळमळीत होता. वर चढताना आपल्याला आधार द्यावा, उतरण्याची व्यवस्था आपण स्वतः पाहू, अशा आशयाचे त्यांचे बोलणे त्यांच्या जावयाने लिहिलेल्या चरित्रात नोंदलेले आहे. विनोदबुद्धीचे दान मागणारी एक लोकप्रिय प्रार्थना मोर यांच्या नावावर सांगितली जाते. ती वस्तुतः विसाव्या शतकाच्या आरंभीची मानली जाते. पोप फ्रान्सिस ती नित्य म्हणत असल्याचे त्यांनी स्वतः सांगितले होते. २०१८ मधील आपल्या पावित्र्यविषयक प्रबोधनपत्रात त्यांनी आनंद आणि विनोदबुद्धी यांना पवित्र जीवनाची लक्षणे म्हटले आणि टिपेत या प्रार्थनेची शिफारस केली. १४ जून २०२४ रोजी त्यांनी जगभरातील शंभराहून अधिक विनोदी कलावंतांना व्हॅटिकनमध्ये बोलावले होते. २१ एप्रिल २०२५ रोजी त्यांचे निधन झाले.

मराठी भूमीतील वळण

ख्रिस्ती विचार मराठीत आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने केला. ते १५७९ मध्ये गोव्याला आले आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ पुराणाच्या घाटात रचलेला आहे. आपल्या श्रोत्यांना परकी भाषा शिकवण्याऐवजी त्यांची भाषा आपण शिकण्यात जी नम्रता आहे, ती आध्यात्मिक नेतृत्वातील शहाणपणाची पहिली पायरी म्हणता येईल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) परिसरातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांनी कीर्तनाचा प्रकार स्वीकारला. कीर्तनकाराला श्रोत्यांची नाडी ओळखावी लागते. पूर्वरंगात तत्त्व मांडायचे, उत्तररंगात आख्यान लावायचे आणि मध्ये एखादा चिमटा काढून पेंगणाऱ्याला जागे करायचे, हे त्या कलेचे अंग आहे. मराठी श्रोत्याला याची सवय शतकांची. एकनाथांच्या भारुडांनी वेदान्त सोंगाच्या तोंडी घातला. जनाबाईने विठ्ठलाशी घरच्या माणसासारखे भांडण मांडले. तुकोबांनी ढोंगी गुरूंची रेवडी उडवली. देवाशी भांडता येते आणि धर्माच्या दुकानदारीला हसता येते, हे मराठी मनाला कोणी नव्याने शिकवण्याची आवश्यकता नव्हती.

पंडिता रमाबाई यांचा बाणा थोडा वेगळा, पण त्याच जातीचा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरही चर्चमधील वरिष्ठांचे म्हणणे त्यांनी मुकाट्याने स्वीकारले नाही. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात, गळ्यातील क्रुसावर लॅटिन शब्द कशासाठी, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. आपल्या देशबांधवांना न समजणारी लॅटिन संस्कृतापेक्षा अधिक पवित्र कशी, हा त्यांचा मुद्दा होता. वरवर साधी वाटणारी ही पृच्छा धर्म आणि सत्ता यांची सरमिसळ नेमकी उघड करणारी होती.

टिळक दांपत्य : कवी आणि त्यांची परीक्षक

या विषयाचे मराठीतील सर्वांत समृद्ध उदाहरण म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) हे दांपत्य. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. जवळपास पाच वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. नंतर त्या मुलासह त्यांच्याकडे आल्या, तरी सुरुवातीला त्यांनी आपले सोवळे आणि वेगळा स्वयंपाक सोडला नाही. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. दरम्यानच्या काळातील मनाची उलाघाल त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सांगितली आहे. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ मराठी गद्याचे लेणे समजला जातो.

‘स्मृतिचित्रे’तील विनोद हा दुःखावर मारलेला मुलामा नव्हे. माहेरच्या सोवळ्याओवळ्याच्या अतिरेकाची, सासरच्या जाचाची आणि पतीच्या धर्मांतराने झालेल्या ताटातुटीची हकीकत त्या सांगतात तेव्हा कुणालाही खलनायक करीत नाहीत. त्यांच्या थट्टेचा पहिला बळी बहुधा त्या स्वतःच असतात. शिवाशिव पाळणारी आपण, हळूहळू कशी बदलत गेलो, जातिभेद ही देवाची करणी की माणसाची, हा प्रश्न एके दिवशी कसा डोक्यात शिरला आणि मग कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निश्चय कसा केला, हे त्यांनी कोणताही आव न आणता लिहिले आहे. जो बदल घडवायला प्रचारकांची प्रवचने अपुरी पडली, तो त्यांच्या स्वतःच्या विवेकाने घडवला.

टिळक लहरी, तापट आणि विलक्षण उदार होते. न सांगता घर सोडून जाणे आणि हातातला पैसा गरजवंताला देऊन मोकळे होणे हा त्यांचा स्वभाव होता. संसाराचा गाडा ओढणाऱ्या लक्ष्मीबाईंनी या स्वभावाचे चित्र काढताना त्यांना देवही केले नाही आणि त्यांचा उपहासही केला नाही. एखाद्या धर्मपुढाऱ्याच्या घरातूनच त्याचे असे प्रेमळ आणि परखड निरीक्षण व्हावे, ही दुर्मीळ गोष्ट आहे. अनुयायांच्या गौरवग्रंथांपेक्षा पत्नीच्या या मिस्कील लेखनानेच टिळकांची थोरवी अधिक विश्वसनीय केली.

टिळकांचे आध्यात्मिक नेतृत्वही चाकोरीबाहेरचे होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी अभंगाच्या छंदात ख्रिस्तभक्ती गायली आणि मराठी उपासनासंगीताला शेकडो गीते दिली. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांचा तो बंधुसंघ व्हावा, अशी त्यांची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी सुरू केलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. लिहिण्या-वाचण्याचे जुजबी शिक्षण मिळालेल्या स्त्रीने कवीचे अपुरे राहिलेले काव्य हाती घ्यावे, यात नियतीचाही थोडा विनोद आहे.

प्रार्थना आणि हास्य यांची सीमारेषा

विनोदाला प्रार्थनेत कितपत जागा असावी, यावर ख्रिस्ती विचारवंतांनी गंभीरपणे विचार केला आहे. अमेरिकन धर्मचिंतक राइनहोल्ड नीबूर यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात श्रद्धा आणि विनोद यांचे नाते उलगडले. जीवनातील वरवरच्या विसंगतींना माणूस हसून तोंड देऊ शकतो. पाप, मृत्यू आणि अर्थशून्यता यांसारख्या अंतिम विसंगतींपुढे मात्र हसू अपुरे पडते व तेथे श्रद्धाच लागते, असा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. मराठी वाचकाला देवळाच्या रचनेवरून हे समजून घेता येईल. ओसरीवर गप्पा आणि हास्य चालते, सभामंडपात त्याचे पडसाद उमटतात, गाभाऱ्यात शांतता असते. ओसरीच नसलेले देऊळ ओकेबोके वाटते आणि ओसरीवरच रमलेला माणूस दर्शनाला मुकतो.

प्रार्थनेतील विनोदाचे मुख्य काम स्वतःविषयीचे भ्रम दूर करणे हे आहे. येशूच्या दृष्टान्तातील परूशी देवापुढे उभा राहून आपल्याच उपासतापासांची यादी वाचतो, तर जकातदार मान वर करायलाही धजत नाही. परूशाची प्रार्थना ऐकताना हसू येते, कारण तो देवाला हिशेबनीस समजून बोलत असतो. ज्याला स्वतःच्या प्रार्थनेतील असा परूशी ओळखता येतो, त्याला सुधारण्याची संधी असते. जेझुइट परंपरेत दिवसअखेर आत्मपरीक्षण करण्याची पद्धत आहे. दिवसभरातील कृपेच्या आणि चुकांच्या क्षणांकडे देवाच्या सान्निध्यात पाहावे, अशी तिची रीत. अशा परीक्षणात स्वतःच्या रागलोभाकडे थोड्या मिस्कीलपणे पाहता आले, तर अपराधगंड वाढत नाही आणि चूक झाकलीही जात नाही.

सत्तेसमोरचा विनोद

विनोद केवळ मनःशांतीपुरता राहत नाही. अन्यायाच्या काळात तो धर्मनेत्याचे शस्त्रही होतो. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू (१९३१–२०२१) यांनी वर्णभेदाच्या राजवटीविरुद्ध बोलताना हास्याचा सढळ उपयोग केला. मिशनरी आले तेव्हा जमीन कोणाकडे होती आणि प्रार्थनेसाठी मिटलेले डोळे उघडल्यावर ती कोणाकडे गेली, अशा आशयाचा विनोद ते सांगत. तो स्वतःच्याच चर्चच्या इतिहासाला लागू पडत होता आणि म्हणूनच तो प्रभावी ठरला. तेच टुटू सत्य आणि समेट आयोगाचे अध्यक्ष म्हणून पीडितांच्या साक्षी ऐकताना सर्वांसमक्ष रडले. ज्याला रडता येते, त्याच्याच हसण्याला नैतिक वजन येते.

वसईत असे नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या रूपाने दिसले. नंदाखाल येथे जन्मलेले दिब्रिटो १९७२ मध्ये धर्मगुरू झाले. १९८३ ते २००७ या काळात त्यांनी ‘सुवार्ता’ या मासिकाचे संपादन केले आणि ते केवळ चर्चपुरते न ठेवता व्यापक मराठी वाचकांपर्यंत नेले. हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून त्यांनी वसईची झाडे, पाणी आणि शेती वाचवण्यासाठी आंदोलन उभारले आणि दहशतीला आव्हान दिले. ‘सुबोध बायबल’ हा त्यांचा अनुवाद प्रासादिक मराठीमुळे वाखाणला गेला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. एका धर्मगुरूच्या निवडीला काहींनी विरोध केला, तेव्हाही त्यांनी आपला संवादाचा सूर सोडला नाही. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

वसईच्या चर्चने संतपरंपरेशी जोडलेला धागाही लक्षणीय आहे. १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वसई धर्मप्रांत वेगळा झाला. पालघर परिसर याच धर्मप्रांतात येतो. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी डॉक्टरेटसाठी संत तुकारामांच्या ईश्वरानुभवाचा अभ्यास केला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–१९६५) लोकभाषेतील उपासनेचे दार उघडले आणि चर्चमध्ये लॅटिनऐवजी मराठी घुमू लागली. विनोद हा भाषेच्या मुळाशी असतो. परक्या भाषेत आज्ञा देता येते, विधी पार पाडता येतो. गालातल्या गालात हसू मात्र आपल्याच भाषेत फुटते. सामवेदी आणि वाडवळी बोली घरात बोलणाऱ्या वसईकरांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

विवेकाच्या कसोट्या

सर्वच विनोद शहाणा नसतो. व्यासपीठावरील माणसाच्या हाती ध्वनिक्षेपक असतो आणि श्रोत्याला उलट बोलण्याची सोय नसते. त्यामुळे धर्मनेत्याच्या थट्टेला अधिकाराची धार चढते. ख्रिस्ती परंपरेतील उदाहरणांवरून काही कसोट्या स्पष्ट होतात.

पहिली कसोटी दिशेची. विनोद वर बसलेल्यावर आहे की खाली बसलेल्यावर? येशूची तिखट उपरोधिक वाक्ये प्रतिष्ठित धर्मशास्त्र्यांसाठी होती. आजारी, विधवा आणि बहिष्कृत यांच्या वाट्याला त्याने थट्टा दिली नाही. एखाद्या गरिबाच्या बोलीची, स्त्रीच्या प्रश्नाची किंवा दुसऱ्या धर्माच्या श्रद्धेची टवाळी करून हशा मिळवणारा वक्ता लोकप्रिय होईल, पण आध्यात्मिक नेता ठरणार नाही.

दुसरी कसोटी आरंभाची. विनोदाची सुरुवात स्वतःपासून होते काय? फिलिप नेरी यांनी स्वतःची दाढी अर्धी काढली, दुसऱ्याची नव्हे. लक्ष्मीबाई आधी स्वतःच्या सोवळ्याला हसल्या. ज्या पुढाऱ्याला स्वतःवरचा विनोद सहन होत नाही, त्याच्या संस्थेत प्रश्न विचारणारी माणसे हळूहळू गप्प होतात. माणसे गप्प झाली की आर्थिक गैरव्यवहार आणि शोषण यांना आडोसा मिळतो. गेल्या काही दशकांत अनेक देशांच्या चर्चमध्ये उघडकीस आलेल्या अत्याचारांमागे, पुरोहिताला प्रश्न विचारायचाच नाही, ही वृत्ती मोठ्या प्रमाणात कारणीभूत होती. पोप फ्रान्सिस यांनी पुरोहितशाहीच्या या वृत्तीवर वारंवार टीका केली. पुढाऱ्याला हसू शकणारी मंडळी त्याला जाबही विचारू शकते. त्या अर्थी विनोदबुद्धी हा संस्थेच्या आरोग्याचा प्रश्न आहे.

तिसरी कसोटी वेळेची. बायबलमधील उपदेशक या ग्रंथाने रडण्याचा समय आणि हसण्याचा समय असे दोन्ही मान्य केले आहेत. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर ते खरे मित्र होते. बोलू लागले आणि बिघडले. शोकाच्या घरी धर्मगुरूचे मौन हीच कधी कधी सर्वांत शहाणी प्रार्थना असते.

चौथी कसोटी सत्याची. विनोदाने प्रश्न सोपा होतो की झाकला जातो? आजाऱ्यासाठी प्रार्थना करणे ही ख्रिस्ती जीवनातील जुनी प्रथा आहे; तिच्या जोडीला वैद्यकीय सेवा देण्याचीही तितकीच जुनी परंपरा आहे. दहाणूत मिशनच्या रुग्णालयाने आदिवासी भागात उपचारांची सोय केली, ती प्रार्थना करणाऱ्या माणसांनीच. प्रार्थनेच्या नावाखाली औषध बंद करायला सांगणारा आणि शंका घेणाऱ्याची खिल्ली उडवणारा उपदेशक या कसोटीवर नापास होतो.

औद्योगिक पट्ट्यातील अर्थ

बोईसर-तारापूर परिसराला या कसोट्या लागू करून पाहिल्या, तर विषयाचे गांभीर्य ध्यानात येते. येथील रासायनिक कारखान्यांत स्फोट, आग आणि वायुगळतीचे अपघात वेळोवेळी झाले आहेत. प्रदूषणाचा प्रश्न जुना आहे. अणुवीज प्रकल्पासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांचे विस्थापन झाले. कुंभवलीसारख्या गावाने शेतीकडून कारखानदारीकडे झालेला प्रवास एका पिढीच्या डोळ्यांदेखत पाहिला. पाळी संपवून आलेल्या कामगाराला, जमीन गेलेल्या शेतकऱ्याला किंवा परराज्यातून आलेल्या एकट्या तरुणाला प्रार्थनासभेत बसवून केवळ भीती दाखवली, तर त्याच्या ओझ्यात भर पडते. त्याला केवळ हसवून पाठवले, तर त्याची फसवणूक होते.

धर्माच्या प्रश्नावर समाजात लवकर ठिणगी पडते, अशा काळात तर नेत्याच्या जिभेवर अधिक जबाबदारी येते. दुसऱ्याच्या श्रद्धेवर केलेला एक हलका विनोद गावातील शेजार बिघडवू शकतो. उलट स्वतःच्या समाजाच्या दोषांवर केलेला मोकळा विनोद शेजाऱ्याला विश्वास देतो. स्टीफन्स यांनी ओवी स्वीकारली, टिळकांनी अभंग गायला, डाबरे यांनी तुकोबांचा अभ्यास केला. या मंडळींनी शेजाऱ्याच्या अंगणात पाहुण्याच्या अदबीने पाऊल टाकले. पाहुण्याला थट्टा करण्याचा अधिकार लगेच मिळत नाही, तो सहवासाने मिळवावा लागतो.

ख्रिस्ती परंपरेने विनोदाला नेहमीच मान दिला, असे म्हणता येणार नाही. काही मठांच्या नियमांत हास्यावर बंधने होती आणि आनंदाकडे संशयाने पाहणारे उपदेशक प्रत्येक शतकात होऊन गेले. तरीही अब्राहामाच्या तंबूपासून लक्ष्मीबाईंच्या लेखणीपर्यंत एक धागा अखंड दिसतो. माणसाने देवाला गांभीर्याने घ्यावे आणि स्वतःला थोडे कमी गांभीर्याने घ्यावे, हे त्या धाग्याचे सूत्र आहे. हे सूत्र सुटले की नेता स्वतःलाच देव समजू लागतो आणि प्रार्थना हुकूम बनते. ते सांभाळले तर पेत्र दाराशी उभा असल्याची वर्दी घेऊन आलेल्या रुदेसारख्या सामान्य मुलीचेही ऐकले जाते, आणि उशिरा का होईना, दार उघडते.